दहा मिनिटांत येते

१

झडप उघडली, तशी रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या बाईंनी पर्स उघडली. पन्नास मिनिटं थंडीत उभं राहून बाईंचे ओठ निळे पडले होते, पण सवय ती सवय. "दोन प्लम ब्रेड, मोठे," असं त्या म्हणाल्या आणि मग कुठे त्यांचं लक्ष आत गेलं.

टपरीच्या आत भट्टीवरचा कामगार ॲलेक पिंडर उभा होता आणि त्याच्या हातांवर त्याची मालकीण एनिड स्क्रिमशॉ आडवी होती. एकाहत्तर वर्षांची एनिड, जिचा मनुके घातलेला प्लम ब्रेड घरात आल्याशिवाय थॉर्नमिन्स्टरात नाताळ लागत नाही असं लोक म्हणत, तिची मान लोंबत होती आणि गाल नको इतके लाल झाले होते.

"डॉक्टर बोलवा!" ॲलेक ओरडला. "बघताय काय नुसते?"

लोक बघतच राहिले. रांगेत अकरावी होती सार्जंट बेरिल ऑस्टविक. आज शनिवार, तिची सुट्टी. बहिणीला पाठवायला ब्रेड घ्यावा म्हणून ती किल्ल्यातल्या नाताळच्या बाजारात आली होती. हातातला गरम वाइनचा कागदी पेला टाकून ती पुढे धावली, तर नवव्या नंबरच्या गृहस्थांनी हात आडवा केला.

"अहो बाई, रांग आहे."

"मी पोलीस आहे!"

"मग तसं सांगायचं ना," गृहस्थ म्हणाले आणि माफी मागून बाजूला झाले.

बेरिलने एनिडचं मनगट धरलं. नाडी होती, पण धाग्यासारखी. समोरच्या चौथऱ्यावर बँडवाले अजून गाणं वाजवत होते, कारण त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. पाच मिनिटांत रुग्णवाहिकेची माणसं टपऱ्यांच्या मागच्या बोळातून आली आणि तोंडावर नळी लावून एनिडला घेऊन गेली. "शेगडीचा वायू," त्यांतला एक बेरिलला म्हणाला. "वाचेल की नाही, सांगता येत नाही. आणखी दहा मिनिटं गेली असती तर सांगता आलं असतं."

टपरी केवढी, तर चार पावलं लांब नि तीन पावलं रुंद. कोपऱ्यात गॅसची शेगडी. झडपेवर बाहेरच्या बाजूने पाटी: 'दहा मिनिटांत येते.' रोज साडेतीनला एनिड झडप पाडायची, पाटी लावायची आणि आत बसून चहा घ्यायची. झडप चांगली जड होती. पाडायला दोरी होती, पण उचलायला ॲलेकच लागायचा. छताखाली हवेसाठी एक झरोका होता. बेरिल स्टुलावर चढली. झरोक्यात बाहेरून पिठाचं पोतं ठासून भरलं होतं.

"तू आत कसा आलास?" तिने ॲलेकला विचारलं.

"मागच्या दाराने." त्याचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. "कडी लावलेली होती, बाई. बाहेरून."

म्हणजे कुणीतरी म्हातारीला जिवंत कोंडलं होतं. आणि त्या कडीला हात लावल्याचं कबूल करणारा माणूस सध्या तरी एकच होता.

२

किल्ल्याला दोन दरवाजे. बाजाराच्या दिवसांत पूर्वेच्या दरवाजाने आत यायचं आणि पश्चिमेच्या दरवाजाने बाहेर पडायचं, उलटं जायचं नाही. शनिवारी तर उलटं जाणं देवालाही जमलं नसतं. बेरिलने दोन्ही दरवाजे बंद करायला लावले आणि आत अडकलेली ती सहा-सात हजार माणसं, काही कुरकुर न करता, दरवाजासमोर आपोआप रांग लावून उभी राहिली.

पहारेकऱ्यांच्या जुन्या खोलीत बाजाराचे स्वयंसेवक चहा पीत. बेरिलने ती ताब्यात घेतली. दगडी भिंती, एक खिडकी, तीही गजांची. तिथून तिने बिनतारीवर इन्स्पेक्टर लोमॅक्सला गाठलं. तो टेकडीच्या पायथ्याशी गर्दीत रुतून बसला होता.

"पिंडर?" लोमॅक्सचा आवाज खरखरला. "कुणाला तरी मारून अर्धमेला केला होता, तोच ना? मग आणखी काय शोधताय? एकदा हात उचललेला माणूस परत उचलतोच. धरून ठेवा त्याला. मला तासभर लागेल. आलो की घेऊन जातो."

"साहेब, अजून काही सिद्ध..."

"तो सुटलाय तो अटीवर सुटलाय, बेरिल. संशयित म्हणून कागदावर नाव आलं तरी पुरे. बाकीचं सावकाश सिद्ध करू." आणि बिनतारी बंद.

बेरिलने वळून पाहिलं. ॲलेक खुर्चीच्या कडेवर बसला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, हातांवर भट्टीचे जुने डाग. त्याने सगळं ऐकलं होतं.

"दार उघडं ठेवाल का, बाई?" तो म्हणाला. "पळत नाही मी. फक्त उघडं ठेवा."

तिने दार उघडं ठेवलं. थंडीचा लोट आत आला, पण त्याच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं.

"सांग, काय काय केलंस ते."

"सव्वातीनला रिकामे क्रेट घेऊन निघालो. गाडी पश्चिमेच्या दरवाजाबाहेर आहे. ब्रेड घेऊन परत यायचं तर तटाला अख्खा वळसा घालून पूर्वेच्या दरवाजाने. रोज वीस मिनिटं लागतात. आज तास लागला. दरवाजावरच्या माणसाच्या मी हातापाया पडलो. म्हटलं, मला मागच्या बोळाने सोड. त्याला विचारा."

बेरिलने विचारलं होतं. दरवाजावरच्या माणसाने ॲलेकला चार ते सव्वाचार तिथे पाहिलं होतं. पण सव्वातीन ते चार? तेवढ्या वेळात तो बोळात शिरून, कडी लावून, पुन्हा बाहेर पडून गर्दीत मिसळू शकला असता. लोमॅक्स हेच म्हणणार.

"सकाळी तुमचं भांडण झालं म्हणे."

ॲलेकने मान खाली घातली. "झालं. सोमवारी ती वकिलाकडे जाणार होती. भट्टी, दुकान, सगळं माझ्या नावावर करायला. मी नको म्हटलं. तिचा सख्खा भाचा आहे. लोक म्हणतील, आयत्या बिळावर नागोबा. 'मला नको!' असं ओरडलो मी. मग ती म्हणाली, तुला नको असेल तर नको, पण डेस्मंड ते सगळं पाडून पार्किंग करील, ते तुला चालेल का?" तो थांबला. "ही गोष्ट तिला नि मला सोडून कुणाला ठाऊक नाही. आणि आता ती बोलू शकत नाही."

"त्या कडीबद्दल काही?"

"आठवडाभर अडकत होती. इतकी करकरायची की तीन टपऱ्यांपलीकडे ऐकू जायचं. आज सकाळी दहाला मी तिला डुकराची चरबी चोळली. आता बोटाने सरकते, चूं नाही की चां नाही."

बोलून गेला बिचारा. त्या क्षणी तरी बेरिलला कळलं नाही की आपल्याच तोंडाने हा माणूस आपला एकुलता एक आधार कापून बसला आहे.

३

ते कळलं थेल्मा रडचं बोलणं ऐकून. थेल्माची सॉसेजची टपरी एनिडच्या टपरीला भिंत लावून होती. तिने येताना कांद्याचा वास सोबतच आणला.

"मी सांगते ते लिहून घे, बेरिल. मला हा पिंडर आवडत नाही. एनिडची ती रांग तर त्याहून आवडत नाही. माझ्या अख्ख्या टपरीसमोर उभी असते मेली, माझं गिऱ्हाईक यायचं कुठून? पण खोटं मी बोलणार नाही. साडेतीनपासून चारच्या ठोक्यापर्यंत मी माझ्या मागच्या दारापाशी आत बसून कांदे कापत होते. सगळ्या आळीत डुकरासारखी किंचाळते ती कडी. ती वाजली नाही. म्हणजे चारच्या आधी कुणी लावली नाही. चारनंतर मी पुढे आले, बँड सुरू होता, तेव्हा लावली असेल तर असेल."

चारनंतर तर ॲलेक दरवाजावर अडकला होता! बेरिलचं मन क्षणभर उडी मारून उठलं आणि तसंच खाली आपटलं. कडीला चरबी लावली होती. आता ती वाजणारच नव्हती. थेल्माची साक्ष मातीमोल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तर ही काडी त्याची त्यानेच मोडली होती. अपराधी माणूस असं कधी सांगेल का? पण लोमॅक्सला हे सांगून उपयोग नव्हता.

"तू कडीबद्दल आणखी कुणाशी बोललीस?"

"कुणाशी बोलणार? मी कांदे कापत होते म्हटलं ना!"

यानंतर डेस्मंड स्क्रिमशॉ आला. एनिडच्या दिवंगत भावाचा मुलगा, घरं विकून देण्याचा धंदा, अंगात उंटाच्या रंगाचा लांब कोट, हातात वेताची टोपली. टोपली त्याने पायाशी ठेवली आणि डोळ्यांना रुमाल लावला.

"आत्याला माझ्याशिवाय कोण आहे हो? मी रांगेत उभा होतो, सार्जंट, चार पावलांवर! आणि ती आत..."

"सख्खी आत्या असून रांगेत?"

"आत्याचा नियमच आहे. भाचा असलास तर घरी. इथे रांगेत." तो खिन्नपणे हसला. "दुपारी साडेतीनला किल्ल्यात पाऊल ठेवलं. आज पहिल्यांदाच आलो. तडक रांगेत उभा राहिलो. चौथा होतो. झडप उघडेपर्यंत तिथेच. माझ्या मागे मिस पेनरोझ होत्या. त्यांना विचारा." मग आवाज खाली आणत तो म्हणाला, "मी आत्याला शंभरदा सांगितलं, जेलमधून आलेल्या माणसाला घरात घेऊ नकोस. मायाळू ती, ऐकलं नाही."

उघड्या दारापलीकडे ॲलेक बाकावर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

मिस लॅव्हिनिया पेनरोझनी चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवलं होतं. थॉर्नमिन्स्टरात त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेतली असती तर लोकांनी त्यालाच डॉक्टर दाखवला असता. डावा खांदा ओलाचिंब झालेला असूनही त्यांनी शाल सोडली नाही.

"ताठ बस, बेरिल," त्या म्हणाल्या.

बेरिल ताठ बसली. वय पंचावन्न, तरी बसली.

"बाई, रांगेत तुमच्या पुढे कोण होतं?"

"डेस्मंड स्क्रिमशॉ."

"झडप उघडली तेव्हाही?"

"अर्थात. मी पाचवी होते, तो चौथा. मी उगाच नंबर बदलू देणारी बाई नाही."

"तुम्ही शपथेवर सांगाल?"

"मी शपथेशिवायही खरंच बोलते."

संपलं. थेल्माला जीव घेण्याइतका हेतू नाही, डेस्मंडला हेतू असला तरी तो जागचा हललेला नाही, आणि बोळात जायला मोकळा असलेला एकच उरला. बेरिलला आपण स्वतःच कुठेतरी कोंडले गेल्यासारखं वाटलं. सगळी दारं रीतसर बंद होती आणि प्रत्येक दारावर एक सज्जन माणूस उभा होता.

बिनतारी खरखरली. "पूर्व दरवाजापाशी पोचतोय," लोमॅक्स म्हणाला. "वीस मिनिटं. त्याला तयार ठेवा."

४

वीस मिनिटांत करण्यासारखं तिला एकच काम सुचलं. साहेब विचारणारच, रांगेत कोण कोण होतं. तीही त्याच रांगेत होती. तिने कागद ओढला आणि आठवतील तशी माणसं लिहायला सुरुवात केली. पहिली पर्सवाली बाई. दोन आणि तीन, एक नवरा-बायको. चार डेस्मंड. पाच मिस पेनरोझ. चौथ्याच्या पुढे आधी आणखी एक बाई होती, तिचा पोरगा रडायला लागला म्हणून ती निघून गेली आणि मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकले. नऊ, हात आडवा करणारे गृहस्थ. दहा, लाल मफलरवाला आडदांड माणूस. अकरा, मी.

नावापुढे तिने वेळ टाकली. 'दहा: लाल मफलर, तीन चाळीस ते चार वीस, पूर्ण वेळ हजर.'

लिहिता लिहिता तिचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. बाहीवर वाइनचा लाल डाग होता, मघाशी पेला टाकताना उडालेला.

पेला आला कुठून?

ती चाळीस मिनिटं रांगेतून हलली नव्हती. वाइनची टपरी पार चौकाच्या पलीकडे. मग तिला आठवलं. लाल मफलरवाल्यानेच आणून दिला होता. "माझी जागा बघाल का जरा?" असं म्हणून तो गेला होता, चांगली दहा-बारा मिनिटं, आणि येताना उपकाराची फेड म्हणून तिच्यासाठीही एक पेला घेऊन आला होता. आणि तिने, पोलीस सार्जंटने, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, पूर्ण वेळ हजर.

ती खोटं लिहीत नव्हती. कागदावर लिहिताना तिला खरंच तो तिथे दिसत होता. कारण त्याची जागा तिथे होती. जागा सांभाळायची म्हणजे माणूस गेलाच नाही असं धरून चालायचं, हे तिला आईच्या बोटाला धरून चालायच्या वयापासून ठाऊक होतं. त्या मोकळ्या जागेत कुणी पाऊल टाकत नाही. कुणी तिच्याकडे बोट दाखवत नाही. आणि पुढे कुणी विचारलं तर सांगायचं, हो, तो माझ्या पुढे होता.

बेरिल उठली. मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. पावणेचारला बर्फाळ पाऊस आला होता, दहाच मिनिटं. पश्चिमेकडून तिरका मारत होता. रांगेतले सगळे डाव्या अंगाने भिजले. तिचा स्वतःचा खांदा अजून ओला होता, मिस पेनरोझचाही. त्या पावसातच तिने झडपेच्या आतून धप्प असा आवाज ऐकला होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा हळू. एनिड डबे आवरतेय, उघडेल आता, असं तिला वाटलं होतं. झडप ठोठावून विचारावं असं मनात आलंही होतं. पण पुढच्या दहा जणांतलं कुणी ठोठावत नसताना आपण कोण उपटसुंभ?

ते तिने तेवढ्यापुरतं मिटून ठेवलं आणि फरशीकडे पाहिलं. डेस्मंड बसला होता तिथे, टोपली ठेवली होती त्या जागी, पाण्याचं थारोळं होतं.

तिने दारातून हाक मारली. "सगळ्यांना आत घ्या. मिस्टर स्क्रिमशॉ, टोपलीही आणा."

५

छोट्या खोलीत पाच माणसं म्हणजे गुडघ्याला गुडघा. ॲलेक दाराजवळ उभा राहिला. बेरिलने सुरुवात थेल्मापासून केली.

"थेल्मा, मघाशी कडीबद्दल सांगितलंस ते सगळ्यांसमोर सांग."

थेल्माला आग्रह लागत नव्हता. डुकराच्या किंचाळण्यापासून चारच्या ठोक्यापर्यंत तिने सगळं सांगितलं. "म्हणून म्हणते, चारच्या आधी कडी लागलीच नाही. आणि चारनंतर हा पिंडर तर दरवाजावर भांडत होता. आता बोला!"

"तसं असेल तर पिंडरला सोडावं लागेल," बेरिल म्हणाली आणि कागद आवरू लागली.

"काय मूर्खपणा आहे हा!" डेस्मंड ताडकन म्हणाला. "कांदे कापणाऱ्या बाईच्या कानांवर जाणार तुम्ही? ती कडी मुळीच वाजत नाही. लोण्यासारखी सरकते. पावणेचारलाही लावता आली असती कुणालाही, हिला पत्ता लागला नसता!"

ॲलेकने झटकन वर पाहिलं. बेरिलने कागद खाली ठेवला.

"आठवडाभर ती किंचाळत होती, मिस्टर स्क्रिमशॉ. अख्ख्या आळीला माहीत आहे. आज सकाळी दहाला ॲलेकने तिला चरबी लावली. तुम्ही किल्ल्यात आलात साडेतीनला आणि तडक रांगेत. मग ती लोण्यासारखी सरकते हे तुम्हाला कसं कळलं?"

चोराच्या मनात चांदणं, ते आता डेस्मंडच्या चेहऱ्यावरही पडलं होतं.

"मी... अंदाजाने म्हणालो. आणि मी रांगेत होतो! मिस पेनरोझ, सांगा ना!"

"तू माझ्या पुढे होतास," मिस पेनरोझ म्हणाल्या.

"बाई," बेरिल हळू आवाजात म्हणाली, "मी मघाशी चुकीचं विचारलं. आता नीट विचारते. बर्फाळ पाऊस पडत होता तेव्हा तुम्हाला डेस्मंड दिसत होता, की त्याची जागा?"

मिस पेनरोझनी टोपलीकडे पाहिलं.

"त्याने मला जागा बघायला सांगितली होती," अखेर त्या म्हणाल्या. "वाटतं, पाऊस यायच्या जरा आधी. टोपली ठेवून गेला. रांग पुढे सरकली तेव्हा मी ती पायाने पुढे ढकलली. पाऊस थांबल्यावर आला. आभार मानले त्याने." त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली. "बेरिल, मी खोटं बोलले नाही. जागा त्याचीच होती. दिलेला शब्द होता. ती जागा रिकामी आहे असं कसं म्हणायचं असतं?"

"नसतं म्हणायचं," बेरिल म्हणाली. "मीही म्हटलं नाही. आणि हे मिस्टर स्क्रिमशॉ आपल्याला चांगलं ओळखतात, म्हणून तर रांगेत उभे राहिले. खोटा साक्षीदार विकत घ्यावा लागतो. इथे रांगेत टोपली ठेवली की खरा साक्षीदार फुकट मिळतो." तिने वाकून टोपलीवरचं चौकटीचं फडकं पिळलं. पाण्याची धार फरशीवर पडली. "टोपली अशी भिजली आणि तुमचा कोट बघा, डावा खांदा कोरडा ठणठणीत. छत्री तुमच्याकडे नाही. मागच्या बोळावर मात्र ताडपत्री आहे."

डेस्मंड उठला. दारात ॲलेक होता. तो आडवा झाला नाही, सरकलाही नाही, नुसता उभा राहिला. डेस्मंड पुन्हा बसला.

"सोमवारी ती वकिलाकडे जाणार होती. वकिलाच्या कचेरीतलं कुणी बोललं का तुझ्याशी?" बेरिलने विचारलं. अहोजाहो आता संपलं होतं.

"चौदा नाताळ!" डेस्मंड एकदम फुटला. "चौदा नाताळ तिच्याकडे जेवायला जातोय मी. तेच सुकं बदक, त्याच गोष्टी. आणि ती सगळं देणार ह्याला? ह्या जेलच्या पाहुण्याला? मी फक्त... जरा वेळ कडी लावली. ती घाबरावी म्हणून."

"आणि झरोक्यातलं पोतं?" थेल्मा म्हणाली. "तेही घाबरवायला? कुऱ्हाडीचा दांडा मेला, आपल्याच गोतावर उठला!"

त्याच वेळी बर्फाच्छादित टोपी झटकत लोमॅक्स आत आला. "कुठाय तो?" असं म्हणत त्याने सरळ ॲलेकचा दंड धरला. ॲलेकचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने दंड सोडवून घेतला नाही. सोडवून उपयोग नसतो हे तो शिकून आला होता.

"हात काढा, साहेब," बेरिल म्हणाली. तिचा आवाज तिच्याच कानांना चढा वाटला. "तुम्हाला हवा तो खुर्चीवर बसलाय."

लोमॅक्सला समजावून सांगायला दहा मिनिटं लागली आणि पटायला आणखी पाच. शेवटी तो डेस्मंडला घेऊन मागच्या बोळाने गेला. मिस पेनरोझना थेल्माने आपल्या हाताला धरून नेलं. त्या वाटेत दोनदा थांबल्या.

मग स्वयंसेवकांच्या टेलिफोनवर हॉस्पिटलातून निरोप आला. एनिडने डोळे उघडले होते. काही विचारत नव्हती, फक्त ॲलेक कुठाय एवढंच म्हणत होती. ॲलेक भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. बेरिल खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्याचं रडून झाल्यावर ती वळली. मघापासून मनात दाबून ठेवलेलं सांगितल्याशिवाय तिला आता राहवेना.

"मीही त्या रांगेत होते, ॲलेक."

"कळलं मघाशी."

"तिने तीनदा आतून धक्के मारले. मी ऐकले. माझ्या पुढच्यांनीही ऐकले असणार. कुणी ठोठावलं नाही. पाटीवर दहा मिनिटं लिहिलं होतं, आणि आम्ही... वाट बघत होतो."

ॲलेकने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर बेरिलला बरं वाटलं असतं.

"आत होतो ना मी," तो म्हणाला, "तिथे एखाद्याने आतून दार बडवलं, तर तो कोण आणि का बडवतोय हे कुणी विचारत नसे. त्याच्या शेजारचा आपलं दार बडवायचा. मग त्याच्या शेजारचा. मिनिटाभरात अख्खी बराक. पहारेकऱ्याला यावंच लागायचं. चोर, खुनी, दरोडेखोर सगळे. तिथे एवढं तर होतंच." त्याने टोपी डोक्यावर ठेवली. "मला वाटायचं, बाहेर तर याहून चांगलं असेल."

एनिडचा गरम कोट टपरीत राहिला आहे, तो घेऊन हॉस्पिटलला जातो, असं सांगून तो निघाला.